जुन्या पिस्तुलाला निळं पाणी घरी चढवावं का?

मोनोंगाहेलाकाठचा

नमस्कार मंडळी. मी पिट्सबर्गजवळ राहतो, बावीस वर्षं झाली. आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे. होमस्टेडचा पोलाद कारखाना १९८६ साली बंद पडला तोवर ते तिथेच कामाला होते. मागच्या शरद ऋतूत घर विकून ते मुलीकडे ईरीला गेले. इतकी वर्षं त्यांच्या दारातलं बर्फ मी काढत असे. जाताना त्यांनी बोलावून घेतलं आणि त्यांच्या वडिलांचं पिस्तूल मला दिलं. पेन्सिल्व्हेनियात असं पिस्तूल हातोहात देता येत नाही, परवानाधारक दुकानदार किंवा शेरीफ यांच्यामार्फतच द्यावं लागतं. आम्ही दोघं दुकानात गेलो, कागदपत्रं केली आणि मगच ते घरी आणलं.

कोल्टचं १९०३ सालचं मॉडेल, 'पॉकेट हॅमरलेस', .३२ कॅलिबर. वरच्या स्लाइडची, म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या भागाची, उजवी बाजू गंजलेली आहे, गंज साधारण दोन बोटं रुंद. नळीचं तोंड चामड्याच्या पाकिटात घासून पांढरं पडलंय. मुठीच्या मागची कड राखाडी झालीये. बाकी अंग काळसर निळं. डाव्या बाजूला कोल्टचा उधळलेला घोडा आहे, त्याचे पुढचे पाय जरा पुसट आहेत. फोटो जोडलेत.

मला याला पुन्हा निळं पाणी, म्हणजे पोलादावरचा तो काळसर निळा थर, चढवायचंय, आणि तेही जुन्या पद्धतीने: गंज चढवायचा, उकळायचा, घासायचा, पुन्हा गंज चढवायचा. वाचलंय बरंच, हाताने कधी केलेलं नाही. इथे कुणी केलंय का? आणि मुळात करावं का?

जुनंतेसोनं

करू नका. कळकळीने सांगतो.

मी टेक्सासमध्ये राहतो आणि जुन्या पिस्तुलांचाच नाद आहे. १९०३ ते १९४५ या काळात कोल्टने या .३२ मॉडेलचे साधारण पावणेसहा लाख नग बनवले. म्हणजे पिस्तूल दुर्मिळ नाही, दुर्मिळ आहे ते त्याच्यावरचं मूळ पाणी. कोल्टच्या हार्टफर्डमधल्या कारखान्यात चढलेला तो निळा रंग एकदा काढला की पुन्हा कुणालाच तसा आणता येत नाही. निम्मा झिजलेला मूळ रंग आणि आरशासारखा चमकणारा नवा रंग यांत जाणकार माणूस डोळे मिटून झिजलेला उचलतो. गंजावर तेल सोडा, रात्रभर मुरू द्या, पितळी पट्टीच्या कडेने हलक्या हाताने खरवडा. लाल रंग गेला की थांबा. बास.

चौकटराजा

रंगाचं नंतर बघू. आधी सांगा, चेंबर, म्हणजे नळीच्या मागे गोळी बसते ती जागा, बघितलीत का? मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं नसतं. या मॉडेलच्या १९२६ पूर्वीच्या नगांत मॅगझिन बाहेर असलं तरी आत राहिलेली गोळी चाप ओढल्यावर सुटते. स्लाइड मागे ओढा, डोळ्यांनी बघा, करंगळी घालून बघा. मग दुसऱ्या कुणाला तरी बघायला लावा.

मोनोंगाहेलाकाठचा

बघितलंय, दुकानदारानेही बघितलं आणि बायकोनेही. गोळ्या घरात ठेवलेल्याच नाहीत.

वाईकर_वहिनी

'हॅमरलेस' म्हणजे बिनघोड्याचं ना? आणि अंगावर भला थोरला उधळलेला घोडा!

जुनंतेसोनं

वहिनी, घोडा आहे, पण आत लपलेला. कोट किंवा खिशातून काढताना अडकू नये म्हणून जॉन ब्राउनिंगने तो स्लाइडखाली झाकला. म्हणजे एक घोडा पोटात आणि एक अंगावर.

भोसरीकर

मी एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. आपल्याकडे याला ब्लॅकोडायझिंग म्हणतात. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात गल्लोगल्ली होतं. बोल्ट, जिग, फिक्श्चर, सगळं काळं होऊन येतं. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटची टाकी, तापमान १४० अंशांच्या आसपास, वीस-पंचवीस मिनिटांत काम फत्ते.

पण मोनोंगाहेलाकर, हे घरी करायचा विचारही मनात आणू नका. टाकीतलं पाणी उडून गेलं की तापमान चढतं आणि ते उतरवायला वरून पाणी सोडावं लागतं. थेंबथेंब, टाकीच्या कडेने, लांब दांड्याने. आमच्याकडे एका नव्या पोराने मगभर पाणी एकदम ओतलं होतं. टाकी अशी उसळली की छताच्या पत्र्याला पांढरे डाग पडले ते कायमचे. पोराने चष्मा लावला होता म्हणून डोळे वाचले. हातावर मात्र आहे अजून खूण. मी स्वतः त्याला नळाखाली धरून बसलो होतो. ती वीस मिनिटं मी आजही विसरलेलो नाही.

त्यात चुकून ॲल्युमिनियमचा तुकडा पडला तर तो विरघळतो आणि हायड्रोजन सुटतो, ते वेगळंच. तुम्ही म्हणताय ती गंजाची रीत मंद आहे, कंटाळवाणी आहे, पण घरात करण्याजोगी तीच एक आहे.

रसायनी

काकांच्या म्हणण्यात थोडी भर घालते. दोन्ही रीतींत शेवटी पोलादावर बसतं ते एकच, मॅग्नेटाइट. लोहचुंबकाचा दगड असतो ना, तोच पदार्थ. फरक वाटेचा आहे.

लाल गंज सैल असतो, भुसभुशीत. तो ओलावा धरून ठेवतो आणि आतलं लोखंड खात जातो. हाच लाल गंज उकळत्या पाण्यात धरला की त्याचं काळं मॅग्नेटाइट होतं. त्यातलं जे पोलादाला घट्ट चिकटलंय ते राहतं, वरचं सैल मखमलीसारखं असतं, ते घासून काढायचं. मग पुन्हा गंज, पुन्हा उकळी. प्रत्येक फेरीत थर थोडा दाट होतो. म्हणून सहा-आठ-दहा फेऱ्या. न उकळता नुसतं घासत राहिलात तर रंग तपकिरी येतो. जुन्या ठासणीच्या बंदुका दिसतात तसा.

आता खरी सूचना. जुन्या पुस्तकांतल्या कृतींमध्ये पाऱ्याचा क्षार असतो, मर्क्युरिक क्लोराइड. भयंकर विषारी. 'परंपरागत' या शब्दाच्या प्रेमात पडून ती कृती करायला जाऊ नका. तयार द्रावण विकत घ्या, बाटलीवरचे घटक वाचून घ्या, हातमोजे घाला.

पंचगंगा

धागा वाचून आमच्या घरची बारा बोअर आठवली. आजोबांच्या नावे पीकसंरक्षणाचा परवाना होता, आता तो वडिलांच्या नावे आहे. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा. एका वर्षी पोत्यात गुंडाळून दिलेली आणि ती परत आली तेव्हा नळीवर गंजाची नक्षी उठली होती. पोत्याची वीण जशीच्या तशी, उभे धागे, आडवे धागे, मोजून घ्यावेत असे. वडील त्या रात्री जेवले नाहीत.

तेव्हा मलाही वाटलं होतं की घरीच करू. पण भारतात शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. रंग चढवायचा म्हणजे सगळे भाग सुटे करणं आलंच. आम्ही जिल्ह्याच्या गावी परवानाधारक कारागिराकडे दिली. इथले वाचक हा धागा वाचून कपाटातली बंदूक उघडून बसू नयेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

त्या कारागिराने एक गोष्ट सांगितली ती कायमची लक्षात राहिली. जोडनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी रांग्याच्या डाकाने जोडलेली असते. भोसरीकरकाकांची कॉस्टिकची टाकी हा डाक खाते. म्हणून जोडनळीला आजही गंजाचंच पाणी देतात.

भोसरीकर

शंभर टक्के बरोबर. डाक असलेला जॉब आम्ही टाकीत घेतच नसू.

तुळशीबाग_घड्याळवाला

आमच्या धंद्यात निळा रंग वेगळ्या वाटेने येतो. जुन्या घड्याळांचे निळे काटे आणि स्क्रू बघितले असतील. तो रंग नाही, नुसती उष्णता. पितळेच्या ताटलीत पितळेचाच कीस पसरायचा, त्यात स्क्रू डोकं वर करून उभा रोवायचा, खाली स्पिरिटचा दिवा.

आधी काहीच होत नाही. मग डोक्याच्या कडेला गवती पिवळा रंग येतो. तो सोनेरी होतो, मग तपकिरी, मग जांभूळ पिकावं तसा जांभळा. इथे श्वास रोखायचा. जांभळ्यातून निळा एका क्षणात येतो, तीनशे अंशांच्या जवळपास, आणि तेव्हाच चिमट्याने उचलायचा. आणखी दोन श्वास थांबलात तर फिका आभाळी होतो आणि सगळं पहिल्यापासून. वडिलांनी मला पहिला स्क्रू करायला दिला तेव्हा मी तो अकरा वेळा घासून पुन्हा तापवला होता.

पण हे पिस्तुलाच्या स्लाइडला किंवा नळीला करायचं नाही. तेवढ्या उष्णतेने पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरू शकतो.

रसायनी

सुंदर लिहिलंत. इथे 'पाणी' हा शब्द तीन अर्थांनी आलाय, गंमत बघा. सोन्याचं पाणी चढवतात ते वरचं, पोलादाचं पाणी म्हणजे आतलं, आणि उकळायचं ते खरंखुरं.

उदगीरकर

आमच्या शेजारचं बिदर विसरू नका. बिदरी कामात तिथल्या किल्ल्यातली माती नवसागरात मिसळून लावतात. जस्ताचं भांडं काळं कुळकुळीत होतं आणि चांदी पांढरीच राहते. लोखंड नव्हे, पण काळं पडण्याची विद्या तीच.

हार्टफर्डकर

जिथे हे पिस्तूल जन्मलं तिथून लिहितोय. हायवे ९१ वरून जाताना जुन्या कोल्ट कारखान्याचा घुमट दिसतो. निळा, त्यावर सोनेरी तारे, आणि टोकाला तोच उधळलेला घोडा. २०१४ साली काँग्रेसने कोल्ट्सव्हिलला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून मान्यता दिली. मंडळाच्या गणपतीला जाताना मुलं दरवर्षी विचारतात, तो घुमट कुठल्या देवळाचा? तुमच्या पिस्तुलाचं काय व्हायचं ते होवो, एकदा इकडे या, दाखवतो.

डोंबिवली_फास्ट_नाही

मी पिस्तूल नाही पण अडकित्ता केलाय. आजीचा, लोखंडी. सासरी आणला तेव्हा गंजून दोन पाती एकमेकींना चिकटली होती.

आधी व्हिनेगरमध्ये बुडवून गंज काढला. मग हायड्रोजन पेरॉक्साइड, व्हिनेगर आणि चिमूटभर मीठ हे बोळ्याने लावलं. डोळ्यांदेखत नारिंगी झाला! दहा मिनिटं उकळला. बाहेर काढला तर काळा. घासला, पुन्हा लावलं. पाचव्या फेरीला काजळासारखा झाला.

फक्त एक चूक. तिसऱ्या फेरीआधी हातमोजा काढून मी तो उघड्या हाताने उचलला. त्या जागी गंज चढलाच नाही. दांड्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला, रेषांसकट, राखाडी. शेवटी सगळं घासून पुन्हा केलं. म्हणून सांगते, तेलकट बोट लागलं की संपलं. ॲसिटोनने पुसा आणि मग हात लावू नका.

मीठाची कृती अडकित्त्याला चालली, पण मीठ लोखंडात बारीक खड्डे पाडू शकतं. रसायनीताई म्हणतात तसं तुमच्या कामाला तयार द्रावणच घ्या. पण आधी एखाद्या भंगार हातोडीवर हात बसवून घ्या.

चिपळूणचा_पाऊस

यांना गंज चढवायला ओलाव्याची बंद पेटी लागते म्हणे! आमच्याकडे जुलैत खुंटीला टांगा, दुपारच्या जेवणापर्यंत तयार.

जुनंतेसोनं

मी अजून माझ्या मतावर ठाम आहे, पण मोनोंगाहेलाकर, तुमचे फोटो पुन्हा मोठे करून बघितले आणि एक शंका आली. जरा उन्हात धरून तीन गोष्टी जवळून टिपाल का? स्लाइडवरच्या अक्षरांच्या कडा, मुठीच्या स्क्रूंच्या भोकांचा काठ, आणि तो घोडा.

मोनोंगाहेलाकाठचा

जोडलेत. भिंगातून बघितलं. अक्षरांच्या कडा गोलावल्यात, 'रिमलेस' मधलं शेवटचं अक्षर जवळजवळ बुजलंय. भोकांचा काठ बशीसारखा आत उतरलाय. घोड्याचे पुढचे दोन्ही पाय गुडघ्याखाली नाहीतच.

जुनंतेसोनं

मग माझा सल्ला मी मागे घेतो.

हे पिस्तूल एकदा कुणीतरी फिरत्या कापडी चाकावर घासून (बफ करून) पुन्हा काळं केलेलं आहे. कोल्टचा कारागीर भोकाचा काठ असा कधीच बसवणार नाही. चाकावर दाब दिला की कापड भोकात शिरतं आणि काठ खातं. अक्षरांचंही तेच. रंग झिजला तर अक्षर उथळ होत नाही, पोलाद झिजलं तरच होतं. आणि गंजाच्या कडेला जुने खड्डे रंगाच्या *खाली* दिसताहेत, म्हणजे खड्डे आधीचे आणि रंग नंतरचा. मूळ पाणी केव्हाच गेलंय. पहिल्याच फोटोत दिसायला हवं होतं मला. आजोबांना विचारा.

मोनोंगाहेलाकाठचा

काल रात्री फोन केला. आधी मुलीशी बोललो, मग त्यांना दिला. प्रश्न ऐकून ते बराच वेळ गप्प होते.

वडील गेले तेव्हा आजोबा पंचविशीचे होते. पिस्तूल तळघरात सापडलं, पुराचं पाणी लागून लाल झालेलं. त्यांनी ते कारखान्यात नेलं आणि यंत्रशाळेतल्या मित्राकडून रात्रपाळीत चाकावर धरून घेतलं, मग काळ्या टाकीत बुडवून आणलं. म्हणाले, "घोड्याचे पाय गेलेले मला तेव्हाच दिसले होते. आईला दाखवताना मी उजवी बाजू वर धरायचो." साठ वर्षं हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग म्हणाले, करायचं असेल तर हाताने कर, चाकाला लावू नकोस.

वाईकर_वहिनी

वाचून गलबलून आलं. करा आता.

भोसरीकर

करा. आणि माझं ऐका. पॉलिशपेपर नुसता बोटाने धरू नका, सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून धरा, म्हणजे कडा मरत नाहीत. एकाच दिशेने, लांबीत. ४०० नंबरला थांबा. त्याहून गुळगुळीत केलंत तर गंज नीट धरत नाही. घोडा आणि अक्षरं यांना कागद लावूच नका. स्प्रिंगा सगळ्या बाजूला काढा. त्यांना आम्ल दाखवायचं नाही, हायड्रोजन शिरला की ठिसूळ होतात आणि नंतर कधीतरी तुटतात.

रसायनी

पाणी डिस्टिल्ड. नळाच्या पाण्यातले क्षार डाग पाडतात. शेवटच्या फेरीनंतर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात एकदा उकळा, उरलेलं आम्ल मरेल.

मोनोंगाहेलाकाठचा

तीन आठवड्यांनी लिहितोय. आधी हातोडी केली, दोनदा बिघडली, तिसऱ्यांदा जमली. मग पिस्तूल.

जुना काळा रंग व्हिनेगरमध्ये अर्ध्या तासात उतरला. खाली नागडं राखाडी पोलाद आणि उजव्या बाजूला पुराचे खड्डे. ठोकळा घेऊन चार संध्याकाळी घासत होतो. सगळे खड्डे काढले असते तर स्लाइडची बाजू पातळ झाली असती, म्हणून खोल होते ते तसेच राहू दिले. नळीच्या दोन्ही तोंडांत लाकडी खुंट्या ठोकल्या, त्याच धरायला कामाला आल्या. तळघरात लाकडी खोकं, त्यात ओला स्पंज आणि एक बल्ब. तीन तासांत नारिंगी लव येते, जुन्या भिंतीवर शेवाळाची येते ना, तशी. स्टीलचं लांबट भांडं मुद्दाम वेगळं आणलं, घरातलं एकही वापरलं नाही.

पहिल्या दोन फेऱ्यांनंतर नुसतं ठिपक्याठिपक्यांचं करडं दिसत होतं. बायको म्हणाली, आधीचं बरं होतं. चौथ्या फेरीला जांभळट झाक आली. सहाव्या फेरीला भांड्यातून काढलं, स्टील वूलने वरची काळी मखमल पुसली आणि खाली पहिल्यांदा तो रंग दिसला. काळा म्हणावा तर उन्हात निळा. आठ फेऱ्यांवर थांबलो. सोड्याच्या पाण्यात उकळून गरम असतानाच तेलात बुडवलं.

फोनवर आजोबांना दाखवलं. मुलीने फोन त्यांच्या नाकाशी धरला होता. उजवी बाजू बघितली, खड्डे बघितले, मान हलवली. मग म्हणाले, आता डावी दाखव.

जुनंतेसोनं

फोटो बघितले. सुरेख झालंय. पायांची जागा पुन्हा कोरायच्या फंदात पडला नाहीत, हे फार बरं केलंत.

भोसरीकर

अभिनंदन. दोन दिवसांनी तेल पुसून पांढऱ्या फडक्यावर लाल येतंय का बघा. आलं तर पुन्हा पाण्यात उकळा आणि पुन्हा तेल. पहिला आठवडा गंज आतून चालूच राहतो. आणि चामड्याच्या पाकिटात ठेवू नका, चामडं ओल धरतं.

मोनोंगाहेलाकाठचा

आत्ताच पुसून बघितलं काका. मुठीच्या मागच्या कडेला किंचित लाल आलं. भांडं चढवतो.